शेवटचं रीळ आधी

"इथे कोणाला जपानी येतं का?"

दारातून आलेला प्रश्न ऐकून वर्गातल्या बावीस माना एकदम वळल्या. फळ्यावर जपानी क्रियापदं होती, बाकांवर जपानी पुस्तकं होती, आणि दाराबाहेर ‘जपानी भाषा – वर्ष दुसरे’ अशी पाटी चांगल्या ठळक अक्षरांत लावलेली होती.

"छे हो," फळ्यापाशी उभी असलेली तनया गद्रे म्हणाली. "आम्ही इथे भजी तळायला जमतो."

वर्ग हसला. दारातला तरुण हसला नाही. जिना धावतच चढून आला असावा. केस कपाळाला चिकटले होते, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलं होतं आणि काखेत एक जाडजूड रजिस्टर होतं.

"मग भजी उद्या तळा," तो म्हणाला. "साडेसहाला आमचा खेळ आहे. शंभर माणसं येऊन बसतील. दिल्लीहून प्रिंट आली, आत्ता लावून बघितली, तर तिच्यावर इंग्रजीचं एक अक्षर नाही! मागच्या वर्षी पुरा झालेला चित्रपट आहे, अहो. मागच्या वर्षी! भारतात पहिल्यांदा पुण्यात लागतोय, आणि तोही मुका."

"मुका नाही. जपानी."

"आमच्या सभासदांना दोन्ही सारखंच." मग तिच्या हातातल्या खडूकडे बघून त्याने विचारलं, "तुम्हाला येतं?"

तनयाने हातातला खडू त्याच्यासमोर धरला, मागच्या फळ्याकडे बोट दाखवलं, आणि वर्गाला सुट्टी दिली.

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवच्या श्रावणातली. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम वेड्यासारखे वागणार, अशी तेव्हा हवा होती. तनया सेनापती बापट रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत भाषांतराचं काम करायची, आणि जपानी मंडळी इतकी धास्तावलेली की दर तासाला एक फॅक्स. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती आपल्या जुन्या बाईंच्या जागी हा वर्ग घ्यायची. वय पंचवीस. नारायण पेठेत घर, घरी आई-बाबा, आणि स्थळं बघायला नुकतीच झालेली सुरुवात.

तर अशी ही शहाणी, वेळेवर जेवणारी, रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडणारी मुलगी त्या संध्याकाळी एका अनोळखी माणसाच्या लुनावर मागे बसून शनिवार पेठेत निघाली. भुरभुर पाऊस होता, मध्येच ऊन होतं, आणि पुढचा माणूस अर्धा मागे वळून बोलत होता.

"मी सौमित्र वाळिंबे. सोसायटीचा चिटणीस. आमची ‘दृष्टिभेट’ फिल्म सोसायटी. ऐकलं असेल ना नाव?"

"नाही. समोर बघा."

"ह्या दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट तर आणखी भारी असणार आहे! अजून लिहितोय तो. पण एका मुलाखतीत म्हणाला, की..."

"समोर बघा! बस आहे!"

"दिसली हो बस. तर तो म्हणाला..."

तो काय म्हणाला, ते तनयाने ऐकलं नाही. तिने डोळे मिटून घेतले होते.

सभागृह एका शाळेचं होतं. मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या खोलीच्या बरोबर खाली एक छोटं टेबल, त्यावर माईक आणि हिरव्या काचेचा दिवा. तिथे बसून पात्रं जे बोलतील ते मराठीत सांगायचं. कागद नाही, तयारी नाही. चित्रपट एका सार्वजनिक न्हाणीघराच्या मालकाचा होता. पहिल्या रिळात बिचारी तनया इतकी घाबरलेली, की नवरा-बायको एकमेकांशी कंपनीच्या पत्रासारखे बोलले. "आपण पाणी तापविण्याबाबत काय निर्णय घेतला आहे?" असं बायकोने विचारताच शंभर माणसं खो-खो हसली. तिसऱ्या रिळापर्यंत मात्र तिची जीभ सैल सुटली. "तुम्हाला सांगायचं म्हणजे त्या भिंतीला सांगितलेलं बरं. ती निदान जागची हलत नाही," असं बायको नवऱ्याला म्हणाली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सौमित्र तिच्या टेबलाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता. पडद्यावरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता. तोंड किंचित उघडं, डोळे लहान मुलासारखे. तनयाने एकदा खाली पाहिलं... आणि तिचं एक अख्खं वाक्य सुटलं. न्हाणीघराचा मालक पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं बोलून गेला, ते पुण्याला कधीच कळलं नाही.

शेवटी नावं लागली, तशी ती उठली. शेजारून कोणीतरी तिची ओढणी धरून खाली ओढलं.

"बसा हो. नावं चालू आहेत."

ह्या सत्यशीलाबाई. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका, सोसायटीच्या अध्यक्षा. शेवटचं नाव वर सरकून पडदा पांढरा झाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, हा ‘दृष्टिभेट’चा नियम. मध्येच उठणाऱ्याकडे इथे लोक देवळात चपला घालून आल्यासारखं बघत.

"अहो, पण ती नावं इथे मला एकटीलाच वाचता येतायत," तनया कुजबुजली.

"मग?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आम्ही वाचायला बसत नाही. मान द्यायला बसतो."

आणि तनया बसली. पुढचं दीड वर्ष बसतच राहिली.

सौमित्रचं शनिवार पेठेत सायबर कॅफे होतं. वडिलांचं वह्या-पुस्तकांचं दुकान त्याने निम्मं कापून चार कॉम्प्युटर मांडले होते. तीन गिऱ्हाइकांसाठी, आणि चौथा, सगळ्यात चांगला, स्वतःसाठी. अमेरिकेतल्या मुलाला ईमेल करायला आलेले आजोबा बाहेर बाकावर ताटकळत असायचे, आणि मालक आत कोरियात कोणता चित्रपट निघतोय ते बघत बसायचा. काखेतल्या त्या रजिस्टरवर त्याने ‘येणारे’ असं लिहिलं होतं. जगात कुठेही चित्रपट तयार होत असला, की त्याची इथे नोंद. देश, दिग्दर्शक, गोष्ट, कुठवर आलाय. काहींचं तर अजून चित्रणही सुरू झालेलं नसायचं.

"हा बघ, तैवानचा," तो सांगायचा. एव्हाना दोघं अरे-तुरेवर आली होती. "पुढच्या मेमध्ये पुरा होईल. मग युरोपात दाखवतील, मग कोणीतरी विकत घेईल, मग दिल्लीला येईल... आपल्याकडे समज, दोन हजार तीनमध्ये."

"आणि तोवर?"

"तोवर वाट बघायची! तीच तर मजा आहे."

तनयाला ह्यात मजा कुठे आहे ते कळत नसे. चिडचिड मात्र होई. झेड ब्रिजच्या कठड्याला टेकून बाकीची जोडपी काय काय बोलत असतील, आणि हिच्या कानाशी इराणमधल्या एका मुलीची गोष्ट, जिचा चित्रपट अजून कोणी बनवलेलाच नव्हता! तिने नवा आकाशी पोशाख घातला, तर म्हणाला, "हा रंग पडद्यावर फार छान येतो." एवढंच. तिला ताप आला तेव्हा भेटायला आला आणि डेन्मार्कबद्दल बोलून गेला. तिच्या वाढदिवसाला कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं, तर ब्राझीलच्या एका महोत्सवाची कार्यक्रमपत्रिका. पोर्तुगीजमध्ये.

"मला पोर्तुगीज येत नाही, सौमित्र."

"मलाही नाही येत. पण चित्रं बघ ना!"

रागावून निघून जावं, असं महिन्यातून दोनदा तरी तिच्या मनात येई. आणि मग एखादी दुपार अशी उगवायची...

त्या दुपारी कॅफेत गिऱ्हाईक नव्हतं. सौमित्रने इंटरनेटवरून एक पोस्टर उतरवायला लावलं होतं. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेतून येणारं. आजच्या मुलांना सांगून खरं वाटायचं नाही, पण एक चित्र पुरतं दिसायला वीस मिनिटं लागत. वरून पट्टी पट्टी उतरत येई. आधी नुसतं आभाळ आलं. मग केस.

"बाई आहे," तो श्वास रोखून म्हणाला.

"किंवा केस वाढवलेला पुरुष."

"पैज?"

"पैज. चहाची."

दोघं एकाच स्टुलावर अर्धी अर्धी बसली होती, कारण दुसऱ्या स्टुलाचा पाय मोडला होता. कपाळ आलं. भुवया आल्या. त्याचा कोपर तिच्या कोपराला लागत होता आणि तो काढून घेत नव्हता. डोळे आले... मिटलेले.

"ह्यावरून नाही सांगता येणार," तनया म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला.

"नाकावरून कळेल. थांब."

ती पडद्याकडे बघतच नव्हती. त्याच्या कानामागे शाईचा एक डाग होता, तिकडे बघत होती. आता हा वळेल, असं तिला वाटलं. आता काहीतरी बोलेल. त्याने खरंच मान वळवली. अगदी जवळून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले...

"तनया..."

"काय?"

"ह्या चित्रपटाला संगीतच नाहीये म्हणे. एकही सूर नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत!"

त्या क्षणी फोन आला आणि तार तुटली. पोस्टर नाकावर थांबलं. तनया उठली, पर्स घेतली आणि चालायला लागली.

"अगं, कुठे? पैज?"

"चहा तूच पी!" ती रस्त्यावरून ओरडली. "संगीताशिवाय!"

दोन हजार साल आलं, कॉम्प्युटर काही बंद पडले नाहीत, आणि जपानी लोक इतके खूश झाले की त्यांनी आणखी काम दिलं. दोन हजार एकच्या जानेवारीत साहेबांनी तनयाला बोलावून सांगितलं, की नागोयाला एका मोटारींच्या कारखान्यात कंपनीची माणसं बसणार आहेत आणि दोन्ही भाषा जाणणारं कोणीतरी हवंय. तीन वर्षांसाठी. उत्तर वीस तारखेपर्यंत.

घरी आई रडली आणि लगेच लोणचं किती दिवस टिकेल ह्याचा हिशेब करू लागली. बाबा म्हणाले, "चांगली संधी आहे. तुला जावंसं वाटतंय का?"

वाटत होतं. का नाही वाटणार? आठ वर्षं जी भाषा शिकली, तिच्या देशात पाऊल टाकायचं होतं. पण तीन वर्षं म्हणजे थोडी थोडकी नव्हेत. जाण्याआधी तिला एकाच माणसाकडून एकच वाक्य ऐकायचं होतं. ते तो बोलला असता तर तिने काय केलं असतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण न ऐकता जायचं म्हणजे... ह्या माणसाच्या लेखी आपण कोण होतो, हे कधीच न कळता जायचं. नुसती जपानी जाणणारी एक मुलगी? टेबल, माईक, हिरवा दिवा, आणि तनया?

सतरा तारखेला ती कॅफेत गेली. बसली नाही. उभ्यानेच सांगितलं, "मी नागोयाला जाते आहे. तीन वर्षं. बहुतेक."

सौमित्रच्या हातातला उंदीर, कॉम्प्युटरचा, टेबलावरून खाली पडला. तनया मनातल्या मनात सेकंद मोजू लागली. चार, पाच, सहा...

"नागोया," तो म्हणाला. मग एकदम घाईघाईने, "अरे वा! म्हणजे तू तिथे नवे चित्रपट पहिल्या दिवशी बघशील! दोन वर्षं थांबायला नको, प्रिंट नको, काही नको! थांब हं, थांब..."

त्याने ‘येणारे’ रजिस्टर उघडलं आणि लिहायला बसला. मान वर न करता लिहीत होता. पंधरा मिनिटांनी त्याने तिच्या हातात यादी ठेवली. एकतीस चित्रपट. तारखांसकट.

तनयाने कागदाची घडी घातली. आणखी एक घडी घातली.

"आणखी काही?" तिने विचारलं.

"हो..." तो म्हणाला, आणि थांबला.

ती अर्धं पाऊल पुढे सरकली.

"तिकिटांची अर्धुकं टाकू नकोस. जपून ठेव."

आता मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "सौमित्र वाळिंबे," ती म्हणाली, "एकोणीस तारखेच्या खेळाला मी येणार नाही. तुझा तू बघ. आणि तुझ्या त्या पडद्यालाच माळ घाल एकदाची!"

एकोणीस तारखेला सकाळी ऑफिसात जाऊन तिने साहेबांना आपलं उत्तर सांगून टाकलं. एक दिवस आधीच. दुपारभर ती फॅक्सच्या यंत्राकडे रागाने बघत होती. संध्याकाळी सहाला घरी आली, चहा घेतला, मासिक उघडलं. जायचं नव्हतंच. साडेसहाला तिने मासिक मिटलं. पावणेसातला चपला घातल्या. शंभर माणसांची काय चूक, असं तिने स्वतःला सांगितलं. पुण्यातल्या थंडीत शाल न घेता ती तरातरा शनिवार पेठेत निघाली, तेव्हा तिचा राग सगळ्यात जास्त स्वतःवरच होता.

सभागृहात अंधार होता आणि दुसरं रीळ चालू होतं. पहिलं रीळ सभासदांनी भाषांतराशिवाय, चिकाटीने पाहिलं होतं. ती गुपचूप टेबलाशी बसली, हिरवा दिवा लावला. सौमित्र शेजारी नव्हता. वर प्रोजेक्टरच्या खोलीत असणार. नसेना का.

चित्रपट एका म्हाताऱ्याचा होता. पियानो दुरुस्त करणारा, हट्टी, एकटा. तनया बोलत गेली. दुसरं रीळ झालं, तिसरं झालं, चौथं झालं. मग पाचव्याच्या सुरुवातीलाच म्हातारा मेला. कसा, का, काही सांगितलं नाही. थेट पांढरी फुलं, उदबत्त्या आणि काळ्या कपड्यांतली मुलं. भराभर उरकलं बाई, असं तिच्या मनात आलं. मुलं रडली, पियानो विकला, आणि नावं लागली.

कोणी हललं नाही. नियमच होता. नावं संपली, पडदा पांढरा झाला. लोक उठणार, एवढ्यात पडद्यावर पुन्हा उजेड आला. आणि मेलेला म्हातारा ओसरीवर बसून पायाची नखं कापू लागला.

सभागृहात एक सुस्कारा उमटला. आनंदाचा!

"बघा," सत्यशीलाबाई अंधारात हळूच म्हणाल्या. "शेवटपर्यंत बसणाऱ्यांनाच हे मिळतं."

"मृत्यूनंतर नखं," कोणीतरी पुटपुटलं. "कारण नखं थांबत नाहीत..."

तनयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रिळांचे डबे! डब्यांवर आकडे जपानीत असायचे, म्हणून दर वेळी ती आधी येऊन त्यांवर मराठी आकड्यांच्या चिठ्ठ्या लावायची. आज ती नव्हती. सहावं रीळ पाचव्याच्या जागी लागलं होतं, आणि पाचवं आता शेवटी. तिने माईक बंद केला आणि लोखंडी जिना चढून वर गेली.

प्रोजेक्टर घरघरत होता. ऑपरेटर रंगनाथ यंत्राशी उभे होते. बंद पडलेल्या एका थिएटरात तीस वर्षं काढलेला माणूस. कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यावर सौमित्र डोकं धरून बसला होता.

"कोणी लावली रिळं?" तनयाने विचारलं.

"ह्यांनी दिली, मी लावली," रंगनाथ म्हणाले.

"तुला आकडे येतात!" ती सौमित्रवर उखडली. "मी स्वतः शिकवलेत! गेल्या दिवाळीत चाळीसपर्यंत लिहून दाखवले होतेस!"

सौमित्रने डोकं आणखी खाली घातलं. रंगनाथांनीच घसा खाकरला.

"ताई, सात वर्षं बघतोय मी ह्यांना. एक डबा इकडचा तिकडे झालेला नाही. आज संध्याकाळपासून खिडकीतून सारखे खाली दाराकडे बघत होते, आणि तुम्ही आल्यापासून तुमच्या आवाजाकडे कान लावून बसलेत. डबा मागितला, की न बघता हाताला येईल तो देतायत. तुम्ही आलात तेव्हा दुसरं रीळ चालू होतं का चौथं, विचारा ह्यांना. नाही सांगता येणार."

पण राग असा एकदम थोडाच उतरतो!

"ऊठ," ती म्हणाली. "दिवे लाव. खाली जाऊन सांग लोकांना, की चूक झाली. मेलेला माणूस नखं कापतोय तिकडे!"

सौमित्र उठला. खिडकीतून त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं. ह्याच माणसाने एकदा चित्र बोटभर तिरकं आलं म्हणून खेळ थांबवून सगळ्यांची माफी मागितली होती.

"चालू राहू दे," तो म्हणाला.

"काय?"

"खाली गेलो तर अर्धा तास चर्चा होईल. हे रीळ अठरा मिनिटांचं आहे. मला तेवढा वेळ पाहिजे. रंगनाथकाका, बघाल ना?"

"जा हो तुम्ही," रंगनाथ म्हणाले. "तो म्हातारा काही आता परत मरत नाही."

शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर गार वारा होता. कोणाच्या तरी घरातून कढीला फोडणी घातल्याचा वास येत होता. सौमित्र एका पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला.

"तू यादी फाडलीस का?" त्याने विचारलं.

"सौमित्र, अठरातली दोन मिनिटं गेली."

"नाही, ऐक ना. तू जाते म्हणालीस, तेव्हा मला काहीच सुचेना. मला काही सुचेनासं झालं, की मी चित्रपटांबद्दल बोलायला लागतो."

"काही सुचेनासं झालं की? आणि गेलं दीड वर्ष?"

तो खाली बघत राहिला. "गेलं दीड वर्ष मला काही सुचतच नाहीये," तो म्हणाला.

तनयाला हसू आलं, रडू आलं, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला. तिन्ही गोष्टी एकदम झाल्यामुळे ती नुसतीच पदराशी चाळा करावा तशी ओढणीचं टोक पिळत राहिली.

"मग आता बोल," ती म्हणाली. "कुठल्याही देशाचं नाव न घेता."

"जाऊ नकोस, असं म्हणावंसं वाटतं..."

"म्हण."

"पण तू जावंस असंही वाटतं. तुझी भाषा आहे ती."

"सौमित्र!"

"तीन वर्षं नको जाऊस!" तो एका दमात बोलून गेला. "मला जमणार नाही. मी करून बघितलं, गेले दोन दिवस. दोन दिवसांत मी रिळं उलटी लावली. तीन वर्षांत काय होईल, सांग?"

वर सभागृहात कोणीतरी खोकलं. तनयाने ओढणीचं टोक सोडलं.

"आज सकाळी साहेबांना सांगितलंय मी," ती म्हणाली. "एक वर्ष जाईन. जास्त नाही. पटत असेल तर पाठवा, नाही तर दुसरं कोणी बघा. हो म्हणाले."

"आज सकाळी?" तो गोंधळला. "पण सकाळी तर तू माझ्यावर चिडलेली होतीस."

"आत्ताही चिडलेलीच आहे."

"मग एकच वर्ष का?"

तनयाने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा रे! आणखी किती सोपं करून सांगू? मराठीतच बोलतेय ना मी?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. पण कळलं, तेव्हा अंधारातही दिसलं. त्याने तिचा हात धरला, आणि चक्क गप्प बसला. एक मिनिट. दोन मिनिटं. आतून टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी त्याने मान वळवली नाही.

टाळ्या कशाला होत्या, ते त्यांना नंतर कळलं. शेवटच्या रिळाला भाषांतर नव्हतं. तेही मुद्दामच असणार, असं सभासदांनी ठरवून टाकलं होतं. मेलेल्या माणसाची भाषा जिवंतांना कळू नये, हा दिग्दर्शकाचा केवढा मोठा विचार! सत्यशीलाबाईंनी पुढे त्यावर एक लेखही लिहिला. सौमित्रने दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "असेल. पण तुमच्या क्रमानेच चित्रपट जास्त चांगला आहे."

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या रात्री साडेआठ वाजता तनया त्याला थेट नारायण पेठेत घेऊन आली. तिचे बाबा, यज्ञेश्वर गद्रे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शब्दकोडं सोडवत बसले होते. आई, सरोजिनीबाई, स्वयंपाकघरात पोळ्या करत होती.

"या, बसा," बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले. "थंडी आहे का बाहेर?"

"हो, आहे," सौमित्र म्हणाला. "म्हणजे... नॉर्वेत तर फारच. तिथला एक चित्रपट येतोय पुढच्या वर्षी. बर्फातल्या एका पोस्टमनचा. सगळं चित्रण उणे तीस..."

तनयाने डोळे मिटले. पाच मिनिटं तो पोस्टमन नॉर्वेच्या बर्फातून चालत राहिला. बाबा सभ्यपणे ऐकत होते. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाबा, ह्याला माझ्याशी लग्न करायचंय!"

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"हे तू सांगतेयस," ते म्हणाले. "ह्यांना वाचा आहे. मघापासून नॉर्वेबद्दल चांगलं अस्खलित चाललं होतं."

सौमित्र उभा राहिला. कान लाल झाले होते. "मला तनयाशी लग्न करायचंय," तो म्हणाला. "ती वर्षभर जातेय, तिने जावंच. मी थांबेन. माझं शनिवार पेठेत सायबर कॅफे आहे. चार कॉम्प्युटर आहेत. म्हणजे, तीन. चौथ्यावर मीच बसतो. आता नाही बसणार."

"बसा की," बाबा म्हणाले. "कॉम्प्युटरवर नाही. इथे, पानावर. जेवून घ्या. हो की नाही ते मी नंतर सांगतो."

"ते हो म्हणालेत," सरोजिनीबाई आतून बोलल्या. "नाही म्हणायचं असतं, तर एव्हाना पाणी देऊन वाटेला लावलं असतं. तनया, चौथं पान घे."

चार पानं मांडली गेली. वरण, भात, मेथीची भाजी. सौमित्र मान खाली घालून बसला होता. पहिला घास हातात घेतला, आणि तसाच थांबला.

"तनया," तो हळूच म्हणाला, "सगळ्यांना विचारून झालं. पण तुला... तुला मी विचारलंच नाही ना?"

"नाही," ती वाढता वाढता म्हणाली. "माझ्या लक्षात आहे ते."

बाबांनी भाताकडे पाहिलं. आई एकाएकी मिठाचं भांडं शोधायला आत गेली.

"करशील लग्न माझ्याशी?"

किती साधं वाक्य! ह्यासाठी दीड वर्ष, आणि अर्धं जग फिरून यावं लागलं ह्या माणसाला. तनयाने वरणाची वाटी त्याच्या पानात ठेवली. वरण थोडं सांडलं.

"हो," ती म्हणाली. "आता जेव. गार होतंय."